सतरा नंबरचा चेहरा

सहाव्या चित्राला पांढरा ठिपका उजवीकडे सरकला आणि सबनीसांच्या हातातलं हँडल जागच्या जागी थांबलं. उजवीकडे त्यांचाच चेहरा होता.

त्यांनी फिल्म दोन चित्रं मागे घेतली. पुन्हा पुढे आणली. डावीकडे ट्रॅक्टर. उजवीकडे गुरुनाथ वामन सबनीस, सीनियर टेक्निकल असिस्टंट, फोटो विभाग, आणि त्यांच्या भुवईपासून निघून गालावरून हनुवटीपर्यंत उतरलेलं पांढरं कोड. ऑफिसच्या पासासाठी गेल्या वर्षी काढलेला फोटो. आणि त्या फोटोतल्या दोन डोळ्यांच्या मधोमध कुणातरी परक्या माणसाच्या नजरेचा तो ठिपका खुशाल येऊन बसला होता.

"अस्सं!" सबनीस अंधारातच म्हणाले. "म्हणजे इथपर्यंत मजल गेली तर."

आता हा ठिपका काय, ते आधी सांगायला हवं. साल चौऱ्याहत्तरचं, डिसेंबर संपत आलेला. चंदीगडच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. सूद नावाच्या शास्त्रज्ञाने डोळ्यांचा कॅमेरा बनवायला घेतला होता. माणसाने हनुवटी एका लाकडी खाचेत टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि समोरच्या पडद्यावर बघायचं. बाजूच्या बारीक दिव्याचा उजेड बुबुळावर पडून परत यायचा आणि भिंगांच्या वाटेने फिल्मवर पांढरा ठिपका होऊन उमटायचा. फिल्मवर पडद्याचं चित्रही यायचं, आणि त्यात माणूस बघेल तिथे ठिपका. पडद्यावर एकाच वेळी दोन चित्रं झळकायची, एका बाजूला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला गाडी. कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं घ्यायचा. ती फिल्म धुवायची, वाळवायची, हँडल फिरवत एकेक चित्र तपासायचं आणि ठिपका कितव्या चित्राला हलला, कुठे गेला, ते वहीत लिहायचं. हे काम सबनीसांचं.

काम त्यांनी मागून घेतलं होतं. डार्करूममध्ये लाल दिवा असतो, आणि लाल दिव्यात कोड दिसत नाही. सबनीसांना अख्ख्या चंदीगडात एवढीच जागा पसंत होती.

अकरा वर्षांपूर्वी, सांगलीला असताना, चौतिसाव्या वर्षी भुवईपाशी तांदळाच्या दाण्याएवढा पहिला डाग आला. औषधं झाली, लेप झाले, पथ्यपाणी झालं. डाग आपला वाढत राहिला, आणि त्याच्याबरोबर सबनीसांच्या मनातला संशयही. बदली होऊन चंदीगडला आल्यावर त्यांना वाटलं होतं, चला, नवं गाव, रुंद रस्ते, कुणी कुणाकडे बघत नसेल. कसचं काय! चौकातला पोलीस बघायचा. दूध घालणारा बघायचा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक पुढे करणाऱ्या बाया बघायच्या आणि चटकन देवाकडे वळायच्या. सबनीसांनी मंडळात जाणंच सोडलं. मे-जूनमधली लू, तो भाजून काढणारा वारा, सगळ्या शहराला नकोशी वाटायची, पण सबनीस तिची वाट पाहायचे. त्या दिवसांत सायकलवरचा एकूण एक माणूस तोंडाला कापड गुंडाळून फिरतो.

तर असा माणूस. आणि त्याच्या समोर त्याचाच चेहरा, बाराजणांना दाखवून झालेला.

सबनीस डार्करूमचं दार आपटून बाहेर आले. बाहेर गुरमीत नावाचा मेकॅनिक बाकावर वाकून एक भिंग पुसत होता.

"मेरा फोटो किसने डाला?"

"कौनसा फोटो, सबनीस जी?"

"ज्यादा शाणपट्टी मत करो. मशीन में. मेरा फोटो. कौन हँसता था देख के? बोलो!"

गुरमीतने भिंग खाली ठेवलं. तो भला माणूस होता. गोंधळला की पगडीच्या कडेला हात लावायची त्याला सवय होती, तसा त्याने लावला. "ओ जी, तीस चेहरे चाहिए थे. पास सेक्शन से निगेटिव लाया. ऊपर से तीस गिन लिए. तुस्सी सतरा नंबर हो. कसम से, मैंने देखा भी नहीं."

'देखा भी नहीं' म्हणे! सबनीसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तडक सूदसाहेबांच्या खोलीत घुसले.

सूदसाहेबांनी शांतपणे एक फाइल उघडली आणि सर्क्युलर समोर सरकवलं. पासाचे फोटो प्रयोगासाठी वापरण्यात येणार आहेत, कुणाची हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवावं. खाली पंचेचाळीस सह्या. त्यातली एक सबनीसांची, ठळक आणि घाईची.

खरं होतं. शिपाई सर्क्युलर घेऊन आला की सबनीस न वाचता सही ठोकायचे. तो जितका वेळ उभा राहील तितका वेळ तोंडाकडे बघेल, म्हणून.

"फोटो काढा तो," सबनीस म्हणाले.

"काढतो. आजच काढतो," सूदसाहेब हिंदीत म्हणाले. "पण आधी मोजा तरी. तुम्हीच मोजता. तुमच्यासारखं मोजणारा इथे दुसरा कोणी नाही. तुमच्या चेहऱ्यावर लोकांची नजर वेगळी वागली असेल, तर निगेटिव मी स्वतःच्या हाताने जाळतो."

सबनीस परत अंधारात गेले आणि मोजायला बसले. बारा माणसं. सतरा नंबरला ठिपका कुणाचा पाचव्या चित्राला हललेला, कुणाचा सहाव्या, एकाचा सातव्या. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या जरासं पुढेमागे. आणि इतर चेहऱ्यांना? तेच. सरदारजी चौकीदार असो, टायपिस्ट पोरगी असो, डायरेक्टरसाहेब असोत, पाच, सहा, सहा, सात. ठिपका आधी डोळ्यांच्या मधे जायचा, मग तोंडावर. सबनीसांच्या गालावरच्या डागावर तो बाराजणांत फक्त दोघांचा गेला होता, आणि तोही उशिरा, बघायला दुसरं काही उरलं नाही म्हणून गेल्यासारखा.

त्याहून चमत्कारिक गोष्ट वेगळीच होती. पहिल्या फेरीत सूदसाहेब सगळ्यांना बजावून सांगायचे, 'चेहऱ्याकडे बघायचं नाही, फक्त गाडीकडे बघा.' सगळे माना डोलवायचे. आणि फिल्म धुतली की ठिपका आधी चेहऱ्यावर गेलेला असायचा! चूक उमगली की मग धावतपळत गाडीकडे. माणसांना आपण चुकलो हे ठाऊकही नसायचं. 'मी तर ट्रकच पाहिला,' ती छातीवर हात ठेवून सांगायची. सूदसाहेबांना आधी वाटलं, यंत्र बिघडलं. त्यांनी स्वतः हनुवटी टेकवली, दात-ओठ खाऊन बसले, तरी तिसातल्या एकवीस वेळा नजर चेहऱ्याकडेच पळाली.

दुसरा एखादा असता तर हे बघून त्याच्या जिवाला हलकं वाटलं असतं. सबनीसांच्या मनात पाल चुकचुकली. इतकं सारखं कसं? सूदसाहेबांनी या बाराजणांना शिकवून बसवलं असणार. सबनीस बिचारे मनाला लावून घेतात, त्यांच्या गालाकडे बघू नका, असं. म्हणजे कीव! किवेसारखी चीड आणणारी गोष्ट सबनीसांना दुसरी माहीत नव्हती.

"फोटो राहू द्या," त्यांनी संध्याकाळी सूदसाहेबांना सांगितलं. "आणखी माणसं लागणार ना तुम्हाला? मी आणतो एक."

कोणाला आणायचं ते त्यांनी मोजता मोजताच ठरवलं होतं.

अकरा वर्षं एकच प्रश्न त्यांच्या मनात ठसठसत होता. बायकोला आपली किळस येते का? तिने लग्न केलं ते एका धडधाकट, गव्हाळ माणसाशी. नंतर हे असं झालं. ती बोलत काही नव्हती. चहा वेळेवर, डबा वेळेवर, दुखलं-खुपलं तर रात्रभर उशाशी. पण बघायची नाही. ताट वाढताना ताटाकडे, पैरण देताना पैरणीकडे, बोलताना मागच्या भिंतीकडे. कधीपासून ते सबनीसांना सांगता आलं नसतं, पण गेली कित्येक वर्षं तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलेलं नाही याची त्यांना बालंबाल खात्री होती. तिला विचारलं असतं तर ती 'काहीतरीच तुमचं' म्हणाली असती. यंत्र काहीतरीच म्हणत नाही.

सेक्टर बावीसमध्ये वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सबनीस राहत. खाली घरमालकीण, जिला अख्खी गल्ली बीजी म्हणायची. त्या दिवशी जेवताना सबनीस म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर ऑफिसात यायचंय."

रत्नप्रभाबाई पोळी वाढत होत्या. "मी? मी काय करू तिथं?"

"डोळे तपासतात."

"माझे डोळे चांगलेत हो. तांदळातले खडे अजून दिवा न लावता निवडते."

"आई को क्यों? मुझे ले चलो न, बाबा," वीणा म्हणाली. वीणा सोळा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून हिंदीच बाहेर यायचं.

"तुझं काम नाही. मोठ्या माणसांचे लागतात."

"चष्मा लागलाय असं निघालं तर?" रत्नप्रभाबाईंनी काळजीने विचारलं. विचारलं तेही आमटीच्या पातेल्याला. सबनीसांनी ते टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभाबाई ठेवणीतली निळी साडी नेसून आल्या. सूदसाहेबांनी "आइए भाभीजी" म्हणून खुर्ची पुढे केली. गुरमीतने चहा मागवला. बाई अवघडून बसल्या, हनुवटी खाचेत टेकवली आणि विचारलं, "दुखणार नाही ना?"

"नाही. समोर बघत राहा फक्त," सबनीस कॅमेऱ्यामागून म्हणाले. फोटोचं त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ती तयारीने बघेल, एवढं त्यांना कळत होतं.

आधी गाडीकडे बघायची फेरी झाली. मग चेहऱ्याकडे बघायची. मग दोन्ही फेऱ्या पुन्हा. सगळं आटोपल्यावर रत्नप्रभाबाई उठल्या, तेव्हा पदराने डोळे टिपत होत्या.

"काय झालं?"

"काही नाही. दिवा डोळ्यांत जातो."

गुरमीतने त्यांना सायकल-रिक्षात बसवून दिलं. सबनीसांनी फिल्म उचलली आणि डार्करूममध्ये जाऊन आतून कडी लावली. असली फिल्म दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नव्हती. धुतली, वाळवली, हँडलला चढवली.

एक नंबर, सरदारजी चौकीदार. गाडीकडे बघायचं असूनही सहाव्या चित्राला ठिपका चेहऱ्यावर. दोन नंबर, पाचव्याला. तीन, चार, पाच. बाई इतरांसारख्याच चुकत होत्या. टायपिस्ट पोरीकडे तर त्यांची नजर पाचव्यालाच धावली होती आणि केसांच्या फुलापर्यंत जाऊन आली होती. पंधरा. सोळा.

सतरा. डावीकडे स्कूटर, उजवीकडे सबनीस. सहाव्या चित्राला ठिपका हलला आणि स्कूटरवर गेला. तिथेच राहिला. एकदाही वळला नाही.

सबनीसांनी घाईघाईने फिल्म पुढे पळवली. चेहऱ्याकडे बघायची फेरी. इथे तर बघायलाच सांगितलं होतं. सोळा नंबर, पाचव्या चित्राला थेट चेहऱ्यावर. सतरा नंबर. सहाव्या चित्राला ठिपका स्कूटरवर गेला. विसाव्या चित्राला कसाबसा परत फिरला, फोटोतल्या खांद्यापाशी आला आणि चित्र विझेपर्यंत खांद्यावर थांबला. पुढच्या दोन फेऱ्या, तेच. चार वेळा सतरा नंबर आला आणि चारही वेळा रत्नप्रभाबाईंची नजर नवऱ्याच्या चेहऱ्याला शिवली नाही.

दारावर टकटक झाली. सबनीसांनी कडी काढली. सूदसाहेबांना दम निघत नव्हता. आत येऊन ते वहीवर वाकले, आणि आकडे बघून त्यांनी मांडीवर थाप मारली.

"कमाल है! बारा माणसं झाली, सबनीस साब, एकालाही हे जमलेलं नाही. मला स्वतःला जमलं नाही! चेहरा दिसल्यावर नजर रोखणं म्हणजे शिंक रोखण्यासारखं आहे. याला सराव लागतो, रोजचा, वर्षानुवर्षांचा. पण एकाच चेहऱ्याला कसं? भाभीजींना विचारा, त्यांनी हे कसं..."

त्यांनी भिंगात डोकावून पाहिलं. सतरा नंबर कोण ते त्यांना दिसलं. मांडीवरचा हात तसाच राहिला. ते हलक्या आवाजात म्हणाले, "आज लवकर घरी जा," आणि दार हळूच ओढून निघून गेले.

सबनीस सायकलवरून घरी निघाले तेव्हा साडेचार झाले होते आणि धुकं उतरायला लागलं होतं. मफलर नाकापर्यंत ओढलेला. एखाद्या चोराचा माग वर्षानुवर्षं काढावा आणि तो आपल्याच माजघरात सापडावा, तसं त्यांना झालं होतं. बरोबर होतो आपण! पहिल्या दिवसापासून बरोबर होतो. किळस. सरकारी यंत्राने सांगितलेली, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पकडलेली किळस. त्या समाधानाने त्यांच्या घशात इतकं कडू आलं की एका चौकात सायकलवरून उतरून ते थुंकले.

वीणा शिकवणीला गेली होती. रत्नप्रभाबाई स्टोव्हपाशी होत्या. सबनीसांनी मफलर काढला नाही.

"तू माझ्याकडे बघत नाहीस."

बाईंनी मागे न वळता विचारलं, "काय म्हणालात?"

"तिथं माझा फोटो होता. चारदा दाखवला. तू चारदा तोंड फिरवलंस. मोजलंय मी."

रत्नप्रभाबाई वळल्या. त्यांची नजर सबनीसांच्या खांद्यावर येऊन थांबली, फिल्मवर थांबली होती तशीच. "तुमचा होता तो?" त्या म्हणाल्या. "एक आला होता मधेच. त्याच्याकडं बघवेना. का ते समजेना मला. आणि डोळ्यांना पाणीच सुरू झालं. म्हटलं, कोण मेला आहे एवढा... तुमचा होता होय?"

"नाटकं नकोत. किळस येते ना माझी? सरळ सांग. एकदा सांगून टाक म्हणजे मी सुटलो."

"किळस?" बाईंनी स्टोव्हची चावी सोडली. भर्र आवाज बंद झाला. "सांगलीला भुवईपाशी तो दाणा आला ना, तो पहिल्यांदा मी बघितला. मीच दाखवला तुम्हाला. आठवतं? त्या दिवसापासून मी मान वर केली की तुम्ही म्हणायचात, काय बघतेस? भाजी वाढताना, काय बघतेस. पोरीला तुमच्या मांडीवर देताना, काय बघतेस. वाढलं का, मोजतेस का. एकदा आमटीची वाटी भिंतीवर फेकलीत. वीणा सात वर्षांची होती. ती मला विचारते, आई, बाबांकडे बघायचं नसतं का गं? तेव्हा ठरवलं मी. नाहीच बघायचं."

सबनीसांनी मफलर आणखी वर ओढला.

"सोपं वाटतं होय तुम्हाला? नजर जातेच हो! आपण न्यायच्या आधी गेलेली असते. मग मी काय करायची, मान वर करायच्या आधी मनात म्हणायची, खांदा. खांदा बघायचा. उजवा खांदा. नाहीतर हातातलं भांडं. दोन वर्षं चुकत होते. चुकले की तुम्ही ओरडायचात. मग जमलं. आता म्हणावंसुद्धा लागत नाही."

"मला सांगायचं तरी..."

"काय सांगू? तुम्हाला तेवढाच आराम पडतोय, असं वाटलं मला. किळस कशाची येईल हो? सात-आठ वर्षं झाली बघून. तुम्ही कसे दिसता तेच ठाऊक नाही मला. परवा वीणा म्हणाली, बाबांची मिशी पिकली. मला खरंच माहीत नव्हतं."

सबनीसांनी मफलर सोडला. खिडकीपाशी गेले. तिथे अजून थोडा उजेड होता. तोंड उजेडाकडे करून म्हणाले, "बघ आता."

रत्नप्रभाबाई दोन पावलं पुढे आल्या. मान वर केली. नजर खांद्यावर आली. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. पुन्हा खांदा. तिसऱ्यांदा त्यांनी पदराचं टोक मुठीत आवळलं, ओठ घट्ट मिटले, आणि नजर खांद्यावरून घसरून सरळ जमिनीवर गेली.

"जमत नाही हो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

अकरा वर्षांत पहिल्यांदा सबनीसांना तिच्यावर संशय घ्यायला काही सापडेना. काय करायचं असतं अशा वेळी, तेही त्यांना आठवेना. शेवटी त्यांनी तांब्या भरून तिच्या हाती दिला.

जानेवारी उजाडला. सबनीस ऑफिसातून आले की मफलर खुंटीला अडकवून रत्नप्रभाबाईंच्या समोर जाऊन बसायचे. पेपर नाही, काही नाही. नुसतेच, तोंड तिच्याकडे करून. 'काय बघतेस' हे शब्द दोनदा अगदी ओठांवर आले, दोन्ही वेळा त्यांनी गिळले. बाई कामात असायच्या. मधूनच नजर उचलायच्या, खांद्यापर्यंत न्यायच्या आणि परत खाली आणायच्या. बोलणं होत होतं ते भाजीचं, वीणाच्या परीक्षेचं, बीजींच्या गुडघ्याचं.

"आप लोग ये रोज रोज क्या करते हो?" वीणाने एकदा विचारलं.

"बसलोय," सबनीस म्हणाले. "बसायला बंदी आहे का?"

एका रविवारी अकराच्या सुमाराला धुकं फाटलं आणि गच्चीवर ऊन आलं. चंदीगडच्या हिवाळ्यात ऊन आलं की सगळं शहर गच्चीवर येतं. सबनीसांनी खाट बाहेर ओढली. रत्नप्रभाबाई परात घेऊन समोर मटार सोलायला बसल्या. शेजारच्या गच्चीवर माणसं होती, पलीकडच्याही होती. कोणीतरी बघत असेलच. सबनीसांनी त्यांच्याकडे पाठ केली नाही.

बराच वेळ शेंगा फुटायचा आवाज तेवढा येत राहिला. मग बाईंनी मान वर केली.

"कॉलर उसवलीय तुमची," त्या म्हणाल्या.

कॉलर खांद्याच्या आत, गळ्यापाशी असते.

"काढून द्या. शिवते."

"असू दे. अशीच शिव."

"अंगावर शिवू नये म्हणतात."

"म्हणू देत."

बाई आत जाऊन सुई-दोरा घेऊन आल्या. खाटेच्या कडेला उभ्या राहून वाकल्या. त्यांची बोटं गार होती, बोटांना मटारचा हिरवा वास होता. त्यांचा चेहरा सबनीसांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आला. इतक्या जवळून त्यांची नजर कुठे जाते ते अगदी सहज दिसलं असतं. अकरा वर्षं सबनीस दुसरं काय करत आले होते? चौकात, दुकानात, ऑफिसात, घरात, समोरच्याची बुबुळं हलायच्या आत ते टिपत आले होते.

त्यांनी डोळे मिटून घेतले.

पहिला टाका पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला सुई कॉलरमध्ये शिरली आणि तिथेच थांबली. खाली बीजींच्या नळाला पाणी आलं. बादली भरली, भरून वाहायला लागली, वीणा कुणावर तरी ओरडली, तरी सुई थांबलेलीच होती. सबनीसांनी डोळे उघडले नाहीत.